दारू सोडल्यानंतरची तिसरी रात्र

श्रावण लागला की आमच्या पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात एका ठरावीक प्रकारचे रुग्ण यायला लागायचे. आषाढी अमावस्येला ‘शेवटची’ म्हणून भरपूर प्यायलेला, दुसऱ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून, देवासमोर हात जोडून ‘आता गणपतीपर्यंत शिवणार नाही’ असं घरात सांगितलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या रात्री रिक्षात घालून आणलेला असायचा. कपाळाला अंगारा, दंडाला काळा दोरा, अंग घामाने निथळतंय, नजर छताच्या कोपऱ्यात. सोबतची बायको केसपेपर काढायच्या आधीच सांगायची, “सिस्टर, पीत होते तोवर धड होते हो. सोडली आणि हे असं झालं. काहीतरी बाहेरचं आहे.”

सरकारी रुग्णालयात मी चोवीस वर्षं परिचारिका होते. त्यातली निम्मी वर्षं रात्रपाळीत गेली. त्या बाईच्या बोलण्यातला पहिला भाग अगदी खरा असायचा, हे मला सगळ्यात आधी सांगायचं आहे. दारू सोडल्यामुळेच ते झालेलं असायचं. दुसरा भाग तेवढा चुकीचा. बाहेरचं काही नसतं. जे होतं ते मेंदूत होतं, त्याला वेळापत्रक असतं, त्याच्यावर औषध आहे, आणि वेळेत आणलं तर बहुतेक माणसं वाचतात. उशीर झाला तर माणूस जातो. दारू सोडली म्हणून माणूस मरू शकतो, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असायला हवं. ते माहीत नसतं, म्हणून हे लिहिते आहे.

एक गवंडी आठवतो. सलाइन लावलेल्या हाताने तो कॉटशेजारच्या भिंतीला गिलावा करत होता. थापी धरल्यासारखी बोटं, मनगटाचा तोच झोका, मधेच मागे सरकून सपाटी बघणं. शेजारच्या रुग्णाला तो म्हणाला, “माल पातळ झालाय, सिमेंट टाक.” एक शिंपी होता. तो रात्रभर नसलेल्या सुईत नसलेला दोरा ओवत होता. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, एक डोळा मिटायचा, ओवायचं, गाठ मारायची, पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, “काका, आपण कुठे आहोत?” ते म्हणाले, “दुकानात.” वार विचारला तर भलताच सांगितला. पहाटे मात्र पाचेक मिनिटं त्यांनी मला नीट ओळखलं, पाणी मागितलं, आणि परत दुकानात गेले.

यालाच डॉक्टर ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. वॉर्डातल्या बोलण्यात ‘डीटी’. म्हणजे थरथर आणि भ्रम एकत्र. चादरीवर मुंग्या, भिंतीवर पाली, कॉटखाली कुत्री दिसतात, दारात पोलीस उभे आहेत असं वाटतं. माणूस आपलंच रोजचं काम हवेत करत बसतो. शुद्ध हरपलेली नसते, पण भानही नसतं. ते येतं-जातं आणि दिवेलागणीनंतर जास्त बिघडतं. या येण्याजाण्यामुळेच घरची माणसं फसतात. ‘आत्ता तर चांगले बोलत होते, म्हणजे नाटक करतात’ असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं वारं येऊन गेलं. नाटकही नसतं आणि वारंही नसतं. भान असं कमीजास्त होणं हीच या आजाराची खूण आहे.

हे का होतं, ते मी नातेवाइकांना दाराचं उदाहरण देऊन सांगायचे. दार बाहेरून कुणीतरी रोज रेटतंय. आतला माणूस ते उघडू नये म्हणून तेवढ्याच जोराने आतून रेटायला शिकतो. वर्षानुवर्षं हे चालू राहतं. एके दिवशी बाहेरचा अचानक बाजूला होतो. आतल्याचा जोर तसाच असतो, दार धाडकन उघडतं आणि तो बाहेर कोसळतो. दारू मेंदूला रोज दाबते, मंद करते. ‘गाबा’ नावाचं शांत करणारं रसायन तिच्यामुळे जास्त काम करतं, ‘ग्लुटामेट’ हे चेतवणारं रसायन दबतं. मेंदू जागा राहण्यासाठी आपली बाजू वाढवत नेतो. दारू एकाएकी थांबली की ही वाढवलेली चेतना मोकाट सुटते. हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी धावते, रक्तदाब चढतो, झोप उडते, आकडी येते आणि शेवटी भान जातं.

डॉक्टरांनाही हे कळायला फार काळ लागला. थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने १८१३ मध्ये या आजाराला हे नाव दिलं. पण आजार दारूमुळे होतो की दारू थांबल्यामुळे, यावर पुढे शंभराहून जास्त वर्षं वाद चालला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन इथे हॅरिस इसबेल आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना चांगलं जेवण आणि जीवनसत्त्वं देत कित्येक आठवडे दारू पाजली आणि मग एकदम बंद केली. खाणंपिणं उत्तम असूनही कुणाला आकड्या आल्या, कुणाला भास झाले. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि करूही नये. पण त्यातून वाद मिटला. दोष माणसाच्या इच्छाशक्तीचा किंवा अशक्तपणाचा नव्हता, तर एकाएकी थांबण्याचा होता.

आपल्याकडे हे मोठ्या प्रमाणावर दिसलं ते २०२० च्या टाळेबंदीत. मार्चअखेर दुकानं एका रात्रीत बंद झाली आणि ज्यांनी सोडायचं ठरवलंही नव्हतं त्यांची सक्तीने सुटली. त्या दिवसांत असे रुग्ण वाढल्याचं बंगळुरूमधल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे.

आता कुणी सावध राहायचं ते. महिन्यातून दोनदा मित्रांबरोबर बसणाऱ्याने सोडली तर त्याला काही होणार नाही, त्याने खुशाल आजच सोडावी. धोका आहे तो रोज पिणाऱ्याला. रोज एक क्वार्टर किंवा जास्त, हे प्रमाण मी धोक्याचं मानते. १८० मिलीच्या व्हिस्कीच्या वा रमच्या क्वार्टरमध्ये साठेक ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. हातभट्टीची असेल तर मोजमापच नाही. पण प्रमाणापेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो, तो घरात विचारून पाहा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, आणि घोटभर घेतली की थांबतात का? उत्तर हो असेल तर त्या माणसाचा मेंदू दाराला रेटून उभा आहे. त्याने घरी, मनाने, एका दिवसात सोडायची नाही. पूर्वी कधी सोडताना आकडी आली असेल, भ्रम झाला असेल, वय साठीकडे झुकलं असेल, कावीळ किंवा यकृताचा त्रास असेल, खाणं सुटलेलं असेल, अंगात ताप असेल, तर आणखी सांभाळायचं. ‘मागच्या श्रावणात सोडली तेव्हा काही झालं नाही’ यावर विसंबू नका. सोडणं-धरणं जितक्या वेळा होतं तितका पुढचा झटका वाईट असू शकतो. बायकांनाही हे होतं. त्या लपून पितात, म्हणून त्यांच्याबाबतीत कुणाला संशयसुद्धा येत नाही.

घड्याळ असं चालतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, चिडचिड सुरू होते. आकडी आली तर बहुधा सहा ते अठ्ठेचाळीस तासांत येते. काहींना पहिल्या दिवशी आवाज ऐकू येतात किंवा काहीतरी दिसतं, पण कुठे आहोत हे त्यांना बरोबर सांगता येतं. भान हरपणारा खरा भ्रम बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसाच्या शेवटी ते चौथ्या दिवसापर्यंत सुरू होतो आणि तीन ते पाच दिवस टिकतो. म्हणून पहिले दोन दिवस बरे गेले की ‘निभावलं’ असं समजून घरचे कामाला निघून जातात आणि माणूस एकटा असताना तिसरी रात्र येते. शेवटचा पेला कधी घेतला, ती तारीख आणि वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. इस्पितळात आम्हाला त्या एका नोंदीचा जेवढा उपयोग व्हायचा तेवढा दहा मिनिटांच्या हकिगतीचा व्हायचा नाही.

सोडायची आहे, मग करायचं काय? आधी डॉक्टरकडे जायचं, नंतर सोडायची. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात, मेडिकल कॉलेजात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात जा. जवळ काही नसेल तर आपल्या फॅमिली डॉक्टरला रोजचा खरा आकडा सांगा. भेट होईपर्यंत त्याच्या हातातली बाटली ओढून घेऊन मोरीत ओतू नका. हे मी सांगते आहे, ते कुणाला पाजा म्हणून नाही. चार दिवस कमी-कमी करत डॉक्टरपर्यंत पोचणं हे एकदम तोडण्यापेक्षा सुरक्षित आहे, म्हणून सांगते. मात्र थरथर वाढली, उलट्या थांबेनात, बोलण्यात गोंधळ दिसला, तर घरगुती हिशोब बंद करून सरळ इस्पितळ गाठायचं. गोंधळलेल्या माणसाच्या तोंडात दारूच काय, काहीही ओतायचं नाही. ठसका लागून ते फुप्फुसात जातं.

मेडिकलच्या दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. उपचारात त्याच वर्गातली औषधं वापरतात हे खरं आहे. क्लोरडायझेपॉक्साइड वापरतात, यकृत खराब असेल तर लोराझेपाम. दारूने रिकामी केलेली जागा ती तात्पुरती धरून ठेवतात, आणि आठ-दहा दिवसांत ती उतरवत बंद करतात. पण मात्रा नाडी आणि श्वास बघून ठरते. त्या गोळ्यांवर वरून दारू प्यायली तर श्वास मंदावतो. नातेवाइकांना दुसरीही एक भीती असते, ‘एक नशा सोडवून दुसरी लावाल.’ ठरलेल्या दिवसांत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर तसं होत नाही. चिठ्ठी संपल्यावर स्वतःहून गोळ्या आणत राहिलात, तर मात्र होतं.

आणि गुपचूप भाजीत मिसळायच्या पुड्या. दारू सोडवण्याच्या नावाने मिळणाऱ्या या पुड्यांत काय असतं हे देणाऱ्यालाच माहीत. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते घेऊन दारू प्यायलं की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ते रुग्णाला सांगून, त्याच्या मर्जीने आणि तपासण्या करूनच देतात. नकळत दिलं तर घरात मयत होऊ शकते.

समजा, सगळं टळलं नाही आणि ती रात्र तुमच्या घरात आलीच. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत खोलीतला दिवा चालू ठेवा. अंधारात दोरीचा साप होतो, आणि या माणसाला तर उजेडातही होतो. टीव्ही बंद करा, शेजाऱ्यांना बाहेर थांबवा. त्याच्या विश्वासातलं एकच माणूस जवळ बसू द्या. कोयता, विळी, रॉकेल, काडेपेटी हलवा, गॅलरीचं दार लावा. मुंग्या दिसतात म्हणाला तर ‘कुठे आहेत मुंग्या, वेडा झालास का’ असा वाद घालू नका आणि खोट्या मुंग्या झटकूही नका. “मला दिसत नाहीत, पण तुम्हाला भीती वाटते आहे, मी इथेच आहे,” एवढंच हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणा. नाव घेऊन हाक मारा. जागा सांगा, वार सांगा. रात्री दोन वाजता मी हेच करायचे आणि त्याचा उपयोग होतो.

आकडी आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, आजूबाजूचं टोकदार बाजूला करा, घड्याळ बघा. कांदा नाही, चप्पल नाही, दातांत चमचा नाही. दातांत घातलेल्या चमच्याने दात पडलेले मी पाहिले आहेत. आकडी थांबल्यावर श्वास पाहा आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी देऊ नका. आकडी एकच आली आणि थांबली, तरी इस्पितळात जायचंच.

बांधून घालू नका, मारू नका. मिरचीची धुरी, चाबूक, साखळी हे सगळं मी रुग्णांच्या अंगावर वळांच्या रूपात पाहिलं आहे, आणि ते पुसताना माझे हात थरथरले आहेत. आधीच धावणाऱ्या हृदयावर तो मार पडतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूमुळे झालेली अशी मानसिक अवस्था आजारात धरली आहे आणि रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली आहे. देवाला नवस बोला, अंगारा लावा, त्याला माझी ना नाही. पण गाडीत बसून लावा.

इस्पितळात पोचल्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा: रोज किती, शेवटची कधी, आणि गेल्या काही दिवसांत कुठे पडले का. तिसरी विशेष महत्त्वाची. पिणारा माणूस पडतो, डोक्याला मार लागतो, आत हळूहळू रक्त साचतं आणि आठवड्याने तो असाच बरळू लागतो. साखर उतरली, न्यूमोनिया झाला, यकृत निकामी झालं, तरी वरून चित्र असंच दिसतं. विषारी दारूचीही शक्यता असते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलने. डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं होतंय असं तो म्हणाला असेल, तर तेही सांगा. घरी बसून यातलं एकातून एक वेगळं काढता येत नाही.

नातेवाईक आल्या आल्या म्हणतात, “आधी ग्लुकोज लावा, अशक्तपणा आहे.” वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. ते न देता ग्लुकोज चढवत राहिलं तर उरलंसुरलंही संपून मेंदूला इजा होऊ शकते. डोळे विचित्र फिरतात, तोल जातो, आठवण कायमची जाऊ शकते. म्हणून थायमिनचं इंजेक्शन आधी किंवा बरोबरीने देतात. ‘सलाइन लावायला उशीर का करता’ म्हणून ओरडण्याऐवजी, “थायमिन दिलं का?” एवढं विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

दारूचा विषय नसतानाही हा धोका येतो, तो ऑपरेशनच्या वेळी. मांडीचं हाड मोडलं, हर्नियासाठी दाखल झाले, आणि घरच्यांनी लाजेखातर ‘कधीतरी घेतात’ असं सांगितलं. दाखल झाल्याच्या दिवसापासून दारू बंद. ऑपरेशन छान होतं, आणि तिसऱ्या रात्री रुग्ण टाके ओढतो, प्लास्टर घेऊन खाली उतरतो. अगदी माझ्या जवळच्या नात्यात हे घडलं आहे. एका खासगी रुग्णालयात रात्रभर ‘भुलीचा परिणाम आहे’ म्हणत बसले, कारण खरा आकडा आमच्यातल्या कुणीच लिहून दिला नव्हता. वॉर्डात रोज हेच पाहणारी मीसुद्धा घरच्या माणसाबाबतीत गप्प बसले होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं. भूल देणाऱ्या डॉक्टरला आकडा सांगा. तो पंचांग मांडायला विचारत नाही, औषध ठरवायला विचारतो.

वेळेवर उपचार मिळाले तर या भ्रमातून शंभरातले पंच्याण्णवाहून जास्त रुग्ण वाचतात. चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस गाढ झोपतो आणि उठून विचारतो, “मी कुठे आहे?” त्याला मधलं फारसं आठवत नसतं. तेव्हा घरच्यांनी ‘काय काय तमाशे केलेत’ याची यादी वाचू नये. आजार झाला होता, एवढं पुरे.

पण इथे फक्त शरीर सुटलेलं असतं. ओढ सुटलेली नसते, आणि इथून थेट घरी गेलेले बरेच जण परत त्याच कॉटवर येतात. पुढची वाट व्यसनमुक्ती केंद्राची आणि गटाची आहे. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये उभं केलेलं मुक्तांगण हे काम आजही करतं आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी सभा अनेक गावांत भरतात, तिथे फी नसते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही सरकारी क्रमांक मोफत आहेत.

तुमच्या घरातलं कुणी येत्या अमावस्येनंतर सोडायचं म्हणत असेल, पंढरीला जाऊन माळ घालायची म्हणत असेल, तर त्याची थट्टा करू नका, त्याचा निश्चय खरा माना. आणि त्या तारखेच्या आठ दिवस आधी त्याच्याबरोबर तुम्ही स्वतः ओपीडीच्या रांगेत उभे राहा. खिशात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर रोजचा खरा आकडा लिहिलेला असू द्या.